क्रँक तोच, फक्त हात बदलला

प्रभाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी बडोद्याच्या निजामपुऱ्यातल्या माझ्या गॅरेजात एका गाडीचं ऑइल बदलत होतो. फोन वहिनींचा होता. "विनायकभाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. मी काळ्या हातांनी तिथेच खाली बसलो आणि रडलो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की या माणसाला मित्राच्या मरणाचं सोयरसुतक नव्हतं. होतं. पाचवीपासूनची मैत्री होती आमची. तेरा दिवस रोज त्याच्या घरी जाऊन बसलो, आल्यागेल्याला पाणी दिलं, फोटोला हार घातले. आज पाच आठवडे झाले, आणि त्याच फोटोकडे मला बघवत नाही.

आमच्या दोघांच्याही पणजोबांनी संस्थानच्या फौजेत नोकरी केली. घरातल्या तलवारी गेल्या आणि पाने आले, असं प्रभाकर म्हणायचा. त्याने मकरपुऱ्यात लेथ टाकला, मी इंजिनं बांधू लागलो. इंजिन उघडलं की त्याचा क्रँक, म्हणजे ज्याच्यावर सगळं इंजिन फिरतं तो जाडजूड दांडा, मी स्कूटरवर टाकून त्याच्याकडे न्यायचो. तो घासून, पॉलिश करून द्यायचा, मी बसवायचो. दुसऱ्या कुणाकडून क्रँक आला तर मी आधी त्यावर नख फिरवून बघत असे. ओरखडा असला तर नखाला लागतोच. सुरुवातीला एकदा प्रभाकरच्याही क्रँकवर फिरवायला गेलो, तर त्याने चहाचा कप खाली ठेवला. "विन्या, तू मला चेक करतोस?" मीच ओशाळलो. मित्राच्या कामावर नख फिरवायचं नाही, हा मग नियमच होऊन बसला. मूर्ख नियम. पण मी तो इमानदारीने पाळला.

तेरा वर्षांपूर्वी सावली गावाहून एक स्कूलव्हॅन आली. तिचं इंजिन मी नव्याने बांधलं, आणि आठ दिवसांत मागून तेल गळायला लागलं. क्रँकच्या मागच्या टोकाला रबराचं एक कडं बसवतात, ऑइल सील; तेल आत अडवून धरणं एवढंच त्याचं काम. पण तिथवर पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, क्लच काढावा लागतो, फ्लायव्हील काढावं लागतं. सगळं काढलं, नव्या सीलला तेल लावून चहूबाजूंनी सारखं ठोकून बसवलं. पुन्हा गळलं. तिसऱ्यांदा दुसऱ्या कंपनीचं सील आणलं, तेही गळलं, आणि या वेळी तेल क्लचवर गेलं. पुलाच्या चढावर व्हॅन मुलांसकट मागे सरकली. नशीब, कुणाला काही झालं नाही. पण व्हॅनवाल्याने माझ्या दारात उभं राहून जे ऐकवलं ते अख्ख्या गल्लीने ऐकलं. प्रभाकर शेजारीच होता. व्हॅनवाला गेल्यावर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वय होतं यार. सील बसवताना हात हलतो तुझा. मी बघितलंय ना." मग त्यानेच व्हॅन दुसऱ्या मेस्त्रीकडे नेली आणि दहा दिवसांनी सांगत आला, "क्रँक तोच, सील तेच, फक्त हात बदलला. एक थेंब नाही."

त्यानंतर मी इंजिन बांधलं नाही. ऑइल बदलायचं, ब्रेक घट्ट करायचे, यावर आलो. रोज सकाळी उठून हात समोर धरायचा आणि थरथरतो का बघायचा. असं टक लावून बघितलं तर कुणाचाही हात थरथरेल... पण हे तेव्हा कोण सांगणार? प्रभाकर दर रविवारी सेवउसळ घेऊन यायचा आणि गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "एके काळी बडोद्यात याच्यासारखा मेस्त्री नव्हता हं." मला ते प्रेम वाटायचं.

मागच्या आठवड्यात वहिनींनी वर्कशॉप आवरायला बोलावलं. रमणभाई होते, त्याच्या लेथवर वीस वर्षं काम करणारे. बाकाखाली गोणपाटात गुंडाळलेला एक क्रँक निघाला. अदलाबदल होऊ नये म्हणून मी काढलेल्या प्रत्येक क्रँकवर पंचने खूण ठोकायचो. यावर माझे तीन ठिपके होते, आणि शेजारी 'सा', सावलीचा. मग त्या व्हॅनमध्ये काय बसवलं होतं? रमणभाईंनी बराच वेळ हात पुसले. "भाईए बीजो नाखेलो, साहेब," ते म्हणाले. दुसराच घातला होता. तेरा वर्षांनी मी त्या क्रँकवर नख फिरवलं. जिथे सील बसतं तिथे ते करकरत गेलं.

रमणभाईंनी तो लेथवर चढवला आणि सावकाश फिरवला. भिंतीवरच्या खिळ्याला एक नट बांधलेला शिवणाचा दोरा होता, तो काढून सीलच्या जागेवर लोंबता सोडला. दोरा हळूहळू कडेला सरकत गेला आणि खाली पडला. पॉलिश करताना प्रभाकरने घासायचा कागद एका जागी न धरता आडवा ओढत नेला होता. त्यामुळे दांड्यावर बाटलीच्या तोंडाला असतात तसे बारीक आटे पडले होते, आणि तेल त्या आट्यांवरून बाहेर येत होतं. त्यावर देवाने सील बसवलं असतं तरी गळलं असतं. "ए ज अठवाडिये भाईने खबर पडी गई'ती," रमणभाई म्हणाले. म्हणजे त्याला त्याच आठवड्यात कळलं होतं, आणि तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाचा क्रँक तो या दोऱ्याखालून घालत होता.

चूक कुणाच्याही हातून होते. मला सांगितली असती तर दोन शिव्या देऊन मी चहा मागवला असता. लेथवाला नावावर जगतो, एक क्रँक वाईट निघाला की लोक शेजारच्या शेडमध्ये जातात, हे मलाही समजतं. पण त्याने स्वतःचं नाव वाचवायला माझा हात दिला. शत्रूने केलं असतं तर मी नख फिरवून बघितलं तरी असतं!

वहिनींना सगळं सांगितलं. प्रभाकरच्या आठवणींच्या या लेखासाठी त्यांनीच गळ घातली होती, म्हणून लिहू का हेही विचारलं. "लिहा," म्हणाल्या, "पण त्या क्रँकला गंज नव्हता, तेही लिहा." खरं आहे. तेरा वर्षं त्याला कुणीतरी तेल लावत होतं. ते कशासाठी... मला ठाऊक नाही, आणि त्याने माझा राग कमी होत नाही.

त्या दिवशी वर्कशॉपमधून निघताना मी तो दोरा तोडायला हात घातला. "तोडशो नहीं, साहेब. हजी बे बाकी छे," रमणभाई म्हणाले. प्रभाकरने दवाखान्यात जाण्याआधी घासलेले दोन क्रँक तपासायचे राहिले होते. मी त्याच्या स्टुलावर बसलो आणि दोन्ही तपासले. दोरा जागचा हलला नाही. त्यातला एक मी मागून आणला; ज्याच्या गाडीचा आहे त्याला म्हटलं, इंजिन मी बांधतो. बांधून झालं, मागचं सील तेवढं राहिलंय. क्रँक चोख आहे, आता गळलं तर दोष माझ्या हाताचाच. चार दिवस झाले, ते सील मी अजून पाकिटातून काढलेलं नाही.