होळीपर्यंतचं पथ्य

भागाबाईला काळजी करायला कारण लागत नसे. कापूस वेचायला गेली की घरी चूल नीट विझवली का, हा घोर. घरी असली की शेतात बैल सुटले नसतील ना, हा. तिची सासू म्हणायची, सटवाईनं हिच्या कपाळी काही लिहिलंच नाही, नुसती एक आठी पाडून गेली. बायका हसायच्या. भागाबाईही हसायची, आणि हसता हसता अंगणातली वाळत घातलेली तूर पाखरं तर टिपत नाहीत ना, म्हणून मान वळवून बघायची.

धरणगावपासून दोन कोसांवर तिच्या नवऱ्याचं, अभिमन पाटलाचं, घर. त्या घरात ती आली तेव्हा परकर सावरायचंही वय नव्हतं. पहिलं वर्ष तिनं रडून काढलं. सासू तोंडाची फटकळ, पण परसातल्या चुलीवर मटण शिजलं की पुरुषांची ताटं वाढायच्या आधी एक नळी बाजूला काढी आणि या पोरीला चुलीमागं बसवून खाऊ घाली. नळी चोखता चोखता पोर रडायची थांबे. पुढं त्याच घरात तिला चार लेकरं झाली, दोन राहिली; सासू गेली; पण मटणाचा वास आला की भागाबाईला आपलं कुणीतरी आहे असं वाटे. मसाल्याला तिचाच हात, हे गावानं कबूल केलेलं. नवसाचा बोकड कुणाच्याही दारी पडो, शिजवायला पुरुष बसत, पण कांदा-खोबरं भाजून पाट्यावर वाटायला भागाबाईलाच बोलावणं येई. खोबरं कच्चं राहिलेलं तिला उंबऱ्यातूनच कळे. थोरली लेक कुंदा तिच्यावरच गेलेली. रंग बापाचा आणि जीभ आईची, असं सगळे म्हणत.

त्या कुंदाला सोनगीरचं स्थळ आलं. सन एकोणीसशे बत्तीसचा सुमार. कापसाचा भाव पडलेला, घरोघरी लग्नाच्या पोरी खोळंबलेल्या. अशात तोताराम पाटील हुंड्याचं नाव न काढता आपण होऊन दारी आले. जमीन बागायती, मुलगा बन्सीलाल सातवी पास, डोकं थंड. अभिमनला तर घबाड सापडल्यासारखं झालं. फक्त एक गोष्ट होती. तोतारामांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. त्यांच्या घरात मांस-मच्छी, अंडं, काही चालत नव्हतं. ओट्यावर बसून, पान लावता लावता, त्यांनी ते स्वतःच सांगितलं. पोर आवडली, पण आमच्या घरी आली की ते बंद, आणि मागाहून चोरून खाल्लेलं कळलं, तर आम्हाला तिला ठेवता यायचं नाही, आधी सांगितलेलं बरं. आवाज मवाळ होता, आणि दाराआड उभ्या भागाबाईला त्याचीच भीती वाटली. आरडाओरडा करणारा माणूस विसरतो. हा विसरणारा नव्हता.

होळी झाली की येतो, तेव्हा सुपारी फोडू, असं सांगून पाहुणे गेले.

भागाबाईच्या डोळ्यापुढं गेंदाबाई उभी राहिली. गेंदाबाई तिच्या मावशीची लेक. तीही अशाच माळकरी घरात दिलेली. एकदा शेजारणीनं दिलेलं अंडं तिनं चुलीत भाजून खाल्लं आणि टरफलं राखेत पुरली. सासूनं भांडी घासायला राख उपसली, तर टरफलं वर आली. तेव्हापासून गेंदाबाई भावाच्या घरी होती. भावजयीची धुणी धुवायची, लोकांच्या शेतात कापूस वेचायची, आणि कुणाच्या घरी हळदी-कुंकू असलं की त्या दिवशी मुद्दाम लांबच्या शेतात कामाला जायची. एका अंड्यापायी.

आता कुंदाचं कसं व्हायचं? पोरीला आत्तापासून सवय लावावी, तर आईचा जीव होईना. माहेरचे उरलेसुरले महिने, त्यात तिच्या ताटातलं काढून घ्यायचं? मग भागाबाईच्या डोक्यात आलं की जीभ तर एकच आहे. आपण सोडून बघावं. आपल्याला जमलं तर पोरीला जमेल. होळीपर्यंत तिनं सगळं बंद केलं. घरात सांगितलं की देवीला काही बोलले आहे. अभिमन हसला, करून करून भागला नि देवपूजेला लागला, म्हणाला. आणि देवीच्या नावानं खोटं बोललो, ही एक नवी काळजी भागाबाईच्या मागं लागली.

पहिले काही दिवस अगदी सोपे गेले. थंडी होती. दादर ज्वारीची भाकरी, भाजलेल्या वांग्याचं भरीत, हरभऱ्याचा पाला, तुरीच्या ओल्या शेंगा. तिला वाटलं, हे तर रोजचंच जेवण. शेतकऱ्याच्या घरी मटण असं शिजतं किती वेळा? पण सोडलं नव्हतं तेव्हा ज्याची पंधरा-पंधरा दिवस आठवण होत नसे, ते सोडल्यापासून डोक्यातून जाईना. भरताला फोडणी दिली की वाटे, यात थोडी सुकट पडती तर. दळताना आठवे, निंदताना आठवे. एका रविवारी अभिमननं मटण आणलं. तिनं मसाला वाटला, वास घेऊन मीठ सांगितलं, सगळ्यांना वाढलं आणि आपण वरण घेऊन बसली. कुंदानं विचारलं, आई, रस्साही नाही का घेणार? भागाबाई म्हणाली, नाही. तिला तेव्हा रडू आलं, आणि हे रडू कशाचं ते तिला नीट कळेना. एवढी मोठी बाई, घरात नातवंडांचं बोलणं सुरू व्हायची वेळ, आणि ताटाकडं बघून रडायचं. सोनगीरला कुंदा पहिल्यांदा अशी रडेल तेव्हा तिला कशानं गप्प करतील? वरणानं?

मग धरणगावच्या बाजाराचा दिवस आला. मीठ-मिरची घेऊन ती दुपारची नणंदेकडं टेकली. नणंद ताईबाई परसात निखाऱ्यावर सुके बोंबील भाजत होती. भागाबाईनं देवीला काही बोलल्याचं तिला ठाऊक नव्हतं. तिनं टोपलीतली भाकरी काढली, अर्धी मोडली, तिच्यावर मिरचीचा ठेचा नि एक बोंबील ठेवला आणि भावजयीच्या हातात दिली. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. तो शब्द भागाबाईच्या तोंडापर्यंत आलाही. पण हात तोंडापर्यंत त्याच्या आधी पोचला. भिंतीकडं तोंड करून, उभ्या-उभ्या तिनं खाल्लं. दुसराही खाल्ला.

मग तिनं राखेनं हात घासले, चूळ भरली, बडीशेप चावली, आणि घरी येईपर्यंत पदर तोंडावर धरून चालली. रस्त्यात ओळखीची बाई भेटली, तिच्याशी लांबूनच बोलली. घरी कुणालाच काही कळलं नाही. अभिमन शेजारी बसून कापसाबद्दल बोलत होता, कुंदानं तिच्या हातचं गाठोडं घेतलं, आणि दिवस नेहमीसारखा गेला. धरली गेली असती तर बरं झालं असतं, असं भागाबाईला वाटलं. चोरून खाणं इतकं सोपं असतं, हे तिला आजवर माहीत नव्हतं. कुंदालाही एकदा असंच सोपं जाईल, मग दुसऱ्यांदा, मग तिला भीती वाटायची बंद होईल. आणि मग राखेतून काहीतरी वर येईल.

तिनं अभिमनला सांगितलं, हे स्थळ नको. का, म्हणून त्यानं विचारलं. मन घेत नाही, म्हणाली. तुझं मन कशाला घेतं, तो म्हणाला. लग्नाला आलेल्या पोरीला विहिरीत ढकलायचं का मग? त्याचंही चुकत नव्हतं. दुसरं स्थळ दारात उभं नव्हतं, आणि आपण बोंबील खाल्ला म्हणून लेकीचं लग्न मोडा, असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

शेवटी तिनं कुंदालाच खरं सांगितलं. दोघी शेंगा सोलत होत्या. पोरगी घाबरेल, शहाणी होईल, अशी आईची समजूत. कुंदा हातातली शेंग सोलायची थांबली आणि हसायला लागली.

"तूच खादं ना, आई? तुले कोनी धरं? मग मी बी खाई लिसू."

भागाबाईच्या हातातलं सूप कललं. तिनं गेंदाबाईचं सगळं पुन्हा सांगितलं. कुंदा म्हणाली की गेंदामावशीनं टरफलं राखेत पुरली हाच वेडेपणा, विहिरीत टाकायची होती. आणि खाली वाकून सांडलेले दाणे वेचायला लागली.

होळी झाली. धुळवडीचा रंग अजून भिंतींवर होता, तेव्हा सोनगीरहून गाडी आली. तोताराम, त्यांचे दोन भाऊबंद, आणि या वेळी तोतारामांची बायको सुगंधाबाईही. पुरुष ओट्यावर बसले. पानसुपारीचं तबक तयार होतं. सुगंधाबाई आत आली. अंगानं बारीक, बोलायला कमी. पोरीचे हात हातात घेऊन पाहिले, कुंकू लावलं, आणि घर बघायच्या निमित्तानं परसात गेली. भागाबाई तिच्या मागोमाग गेली. ओट्यावरून हसण्याचा आवाज येत होता. आता नाही बोललो तर कधीच नाही, हे तिला कळत होतं. आणि बोललो तर आत्ताच्या आत्ता गाडी परत फिरेल, हेही.

"इहीनबाई, एक गोट सांगस," ती म्हणाली. "सुपारी फुटाना पहिले सांगस. तुम्हना घरनं पथ्य मी होळीलोंग करी पाह्यं. मन्हाकडून झायं नही. मी चोरीसन खादं. आनि पोर मन्हीच शे."

 सुगंधाबाई परसातल्या थंड चुलीकडं बघत होती. भागाबाईला वाटलं, आता ही पदर सावरून बाहेर जाईल आणि नवऱ्याला हाक मारील. सुगंधाबाईनं पदर सावरला खरा. मग हळूच विचारलं, "काय खादं?"

"सुका बोंबील."

"कालवण?"

"नही. निखारावर भुंजेल."

"वर तेल टाकेल व्हतं?"

"थोडंसं. नि लाल मिरचीना ठेचा." भागाबाईला वाटलं ही आपली थट्टा करते आहे. पण त्या बाईच्या तोंडावर थट्टा नव्हती. ती ऐकत होती, जशी लहान पोर गोष्ट ऐकते तशी, पुढं काय म्हणून. भाकरी कशाची होती, तेही तिनं विचारलं. दादरची, असं कळल्यावर मान हलवली.

"मन्हा गळामा माळ तेस्नी घाली," ती मग म्हणाली. "माले कोनी इचारं नही, करी पाहस का म्हनीसन."

मग तिनं तुटक-तुटक सांगितलं. लग्न करून आली तेव्हा सोनगीरच्या घरात सगळं चालत होतं. थोरला मुलगा तापातून उठला तेव्हा नवऱ्यानं माळ घातली आणि त्याच दिवशी तिच्याही गळ्यात आली. तिनं कधी मोडलं नाही. मोडावंसं वाटलं नाही, असं मात्र ती म्हणाली नाही. भागाबाईनं धीर करून कुंदाचं विचारलं. सुगंधाबाई ओट्याकडं कान देत, घाईघाईनं, जवळजवळ तोंडातल्या तोंडात म्हणाली, "मन्हा घरमा नको. ते मी बी झाकू शकाव नही. पन आखाजीले तिले चार दिन जास्ती धाडसू. माहेरले काय खास, ते मी इचारनार नही."

भागाबाईच्या छातीवरचा धोंडा थोडा सरकला. आखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या सणाला, सासुरवाशिणी माहेरी येतातच; चार दिवस जास्त राहिली तर कोण विचारतो? वर्षातून एकदा, भरपेट, उघड्यावर. तेवढ्यावर माणूस निभावून नेतो. आणि त्याच भरात, विचार न करता, तिनं विचारून टाकलं की तुम्ही जाता का आखाजीला माहेरी. सुगंधाबाईनं मान हलवली. भाऊ होता, तो गेला. आता तिथं कुलूप आहे.

"मंग तुम्ही बी या," भागाबाई म्हणाली. "पोरनासंगे."

शब्द तोंडातून गेला आणि तिचं तिलाच कळलं की आपण काय बोललो. बाहेरून अभिमननं हाक मारली, सगळे थांबलेत, म्हणाला. सुगंधाबाईनं पुन्हा एकदा थंड चुलीकडं पाहिलं. डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि आत गेली. ओट्यावर सुपारी फुटली. गूळ वाटला गेला. कुंदा दारामागं उभी राहून आईकडं बघत होती, नक्की काय ठरलं ते विचारत असल्यासारखी, आणि भागाबाई तिच्या हातावर गूळ ठेवता ठेवता मनात जुळवाजुळव करत होती: ही बाई खरंच आली तर? माळ गळ्यात असताना तिला वाढायचं कसं, आणि नाही वाढायचं तर समोर बसून पोरीला घालायचं कसं? आणि तोतारामांनी परतल्यावर, त्या मवाळ आवाजात, माहेरी काय जेवलात म्हणून दोघींना विचारलं तर?