बिस्किटांचं आमिष

कशेळीच्या गोदामात मी पॅकिंगला आहे. गेटवरच्या चार कुत्र्यांसाठी मी घरून बिस्किटं करून न्यायचे. कोंबडीची कलेजी उकडून नाचणीच्या पिठात मळायची आणि मीठ न घालता तव्यावर कडक भाजायची. एकदा सुपरवायझर म्हणाला, "ताई, उद्या जरा जास्त आणा. मलाही त्यांना खाऊ घालायचंय." मी खुशीत डबाभर केली आणि सकाळी त्याच्या हातात दिली.

जेवणाच्या सुट्टीत बाहेर आले तर गेटवर एकही कुत्रा नव्हता. वॉचमन मान खाली घालून म्हणाला, "दीदी, आपके बिस्किट दिखाके टेम्पो में चढ़ाया. खारबाव की तरफ छोड़ दिया."

माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर मी सुपरवायझरला विचारलं, "माझ्या हातचं खाणं दाखवून फसवलंत त्यांना?"

"मोठे साहेब येणार होते ना, ताई," तो हसत म्हणाला.

मी अर्धी ड्युटी टाकून रिक्षाने खारबावला गेले. अंधार पडेपर्यंत हाका मारत फिरले. तिघं सापडली, त्यांना आमच्या गल्लीत आणलं. चौथी, पायाने अधू असलेली म्हातारी कुत्री, कुठेच दिसली नाही. तो माणूस आजही मला "ताई" म्हणतो, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो.