हिल्माने निवडलेली खाट

माझी थोरली बहीण हिल्मा एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात राबली. चारशे पोरांना जेवू घालणाऱ्या बाईला कुणी फसवू शकत नाही, असं ती स्वतःच सांगत फिरायची. मला तिचा तो ताठा मुळीच आवडायचा नाही. पण जानेवारीत तिच्या नवऱ्याला, रेनोला, अर्धांगवायूचा झटका आला, उजवं अंग लुळं पडलं, वाचा बसली, तेव्हा त्या ताठ्याचाच मला आधार वाटला.

चौथ्या दिवशी हॉस्पिटलच्या समाजसेविकेने, केंड्राने, एक कागद पुढे केला. "मिसेस कांगास, शुक्रवारी यांना इथून हलवावं लागेल. व्यायाम करून घेणारी, सांभाळणारी केंद्रं या भागात दोनच आहेत. दोन्हीकडे मी कागद पाठवलेत. तुम्ही बघून या आणि सांगा."

"दोन दिवसांत? अहो, कोबीचा गड्डा निवडायलासुद्धा मी याहून जास्त वेळ घेते!"

केंड्रा हसली. हिल्मा नाही हसली.

पहिलं केंद्र गावातच, विटांचं. न कळवता, ऐन जेवणाच्या वेळी गेलो. आत शिरताच लघवीचा आणि उकडलेल्या कोबीचा वास नाकात गेला. हिल्माने भिंतीजवळची खुर्ची ओढली, घड्याळ काढलं आणि बसली. खोल्यांच्या दारांवर दिवे असतात, आतल्या माणसाने बोलावलं की लागतात. सात नंबरचा दिवा सव्वीस मिनिटं तसाच जळत होता. एका म्हाताऱ्याच्या पायांत बायकी सपाता होत्या, कुणाच्या कोण जाणे. तिथली मुख्य बाई गोड हसत पुढे आली.

"हसणं राहू द्या," हिल्मा म्हणाली, "आधी त्या सात नंबरकडे जा."

बाहेर येऊन ती गाडीत बसली आणि दार आपटलं. "इथे माझं कुत्रंही ठेवायची नाही मी."

गुरुवारी सकाळीच दुसऱ्या केंद्राकडे निघालो. ते तलावाच्या काठी, चाळीस मैलांवर. बर्फ मरणाचं पडत होतं आणि गाडी मी चालवत होते. पण तिथे गेल्यावर खरंच जीव भांड्यात पडला. दिवा लागला की तीन मिनिटांत विझत होता. एक मुलगी खुर्चीवर बसून एका आजीला भरवत होती, आजीचा घास गिळून होईपर्यंत थांबत होती. हिल्माने सगळ्यांची नखं बघितली. मग व्यायामाच्या दालनात गेली. तिथे चालायला शिकवण्यासाठी लाकडाच्या चार पायऱ्या होत्या. या बाईने सरळ बूट काढले, उजवा हात कोटाच्या खिशात घातला आणि नुसत्या डाव्या हाताने कठडा धरून चढून बघितलं. तिथल्या व्यवस्थापक बाई नुसत्या बघत राहिल्या. मी म्हटलं, "अगं, पडशील ना!"

"पडले तर बरंच. लगेच खाट मिळेल."

रिकाम्या खोलीत तर ती खाटेवर आडवीच झाली. झटक्यानंतर रेनोला उजवीकडचं दिसत नव्हतं. खिडकी डाव्या हाताला होती. "सायमा, त्याला पडल्या पडल्या तलाव दिसेल गं. इथे चालायला लागेल तो." पाच दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

ती उठून व्यवस्थापक बाईंना म्हणाली, "ठरलं. हीच खाट."

"आमची नर्स सकाळीच तुमच्या हॉस्पिटलात गेलीय, तुमच्या यजमानांना बघायला," बाई म्हणाल्या. "सांगितलेलं समजून करतात का, ते बघावं लागतं. त्याशिवाय आम्हाला घेता येत नाही."

हिल्माचा चेहरा पांढराफटक पडला. का, ते मला लगेच कळलं. रेनोला आता इंग्रजी कळत नव्हतं. पहिल्या रात्रीपासून कळत नव्हतं. उरली होती ती त्याच्या आईची भाषा, फिनिश. त्याचे काय, आमचे काय, आईबाप फिनलंडहून अमेरिकेत आलेले, घरात तीच बोलायचे. फिनिशमध्ये हात उचल म्हटलं की उचलायचा, डोळे मीट म्हटलं की मिटायचा. हे आम्हा दोघींना ठाऊक होतं आणि हॉस्पिटलात कुणालाच नव्हतं. नर्स आत आली की हिल्मा गप्प व्हायची. लहानपणी शाळेत तोंडातून एक फिनिश शब्द गेला की आम्हाला कोपऱ्यात उभं करायचे, मठ्ठ म्हणायचे. ते हाडांत मुरलेलं. "साठ वर्षं इंग्रजी बोललेला माणूस ते विसरला, असं सांगू? वेडा ठरवतील त्याला," असं ती म्हणाली होती. आणि मी मान डोलावली होती.

त्या बाईंना यातलं काही न सांगता आम्ही निघालो, आणि बर्फातून चाळीस मैल गाडी दामटत मी हॉस्पिटल गाठलं.

केंड्रा दारातच भेटली. "ती नर्स दहाला येऊन गेली. हात उचला, डोळे मिटा, पाच-पाच वेळा सांगितलं तिने. ते नुसते बघत होते हो."

हिल्मा कोटासकट आत घुसली आणि ओरडली, फिनिशमध्ये, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. रेनोने डावा हात उचलला. मग डोळे मिटले.

"अरे देवा!" केंड्रा म्हणाली. "मग हे सांगितलं का नाही? दुभाषा आणला असता की!" ती रागावली असती तर परवडलं असतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती धावत तलावाच्या केंद्राला फोन लावायला गेली. "अहो, मी आत्ता पाहिलं, ते करतायत... हो... अच्छा... अच्छा." फोन ठेवून ती आमच्याकडे वळलीच नाही. बारा वाजताच ती खाट दुसऱ्या कुणाला देऊन टाकली होती. पुढची कधी रिकामी होईल, सांगता येत नव्हतं.

शुक्रवारी रेनोला विटांच्या केंद्रात नेलं. हिल्माने फिनिश शब्द इंग्रजी वाचणाऱ्याला उच्चारता येतील असे मोठे लिहून त्याच्या उशाशी चिकटवले. पण मदतनीस मुली दर आठवड्याला बदलायच्या, कोण वाचतंय! प्रगती नाही म्हणून तिसऱ्या आठवड्यात विमा कंपनीने त्याचा व्यायाम बंद केला. हिल्मा रोज सकाळी जायची आणि संध्याकाळी यायची. मार्चमध्ये तिने सांगूनही त्याने हात उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली, शेवटी मीच तिला कोट घातला आणि बाहेर आणलं.

गाडीत तिने पट्टा लावला. मग म्हणाली, "वाचा त्याची गेली होती, सायमा. माझी कुठे गेली होती?"

मी गाडी सुरू केली.  हॉस्पिटलातले ते चार दिवस मीही तिथेच गप्प बसले होते.