गुरुवारचं नाटक

त्या शुक्रवारी दुबईत हवा इतकी दमट होती की कामगारांच्या कँपमधल्या एसी खोलीतून बाहेर आलो आणि चष्म्यावर पाणीच धरलं. बसची वाट बघत तो पुसत बसलो, तशा मराठी मंडळाच्या निवडणुका आठवू लागल्या. खिडकी लावली तरी वाळू कोपऱ्यात साठते ना, तसे हे किस्से.

मंडळ शहरातल्या करामा भागातलं, साहेबलोकांचं. आम्ही कँपमधले सुतार-गवंडी वर्गणीपुरते. वर्षातून एकदा नाटक व्हायचं, ते गुरुवारी रात्री. आमची शहरात जाणारी बस फक्त शुक्रवारी, सुटीच्या दुपारी. त्यामुळे नाटक आम्ही कधी पाहिलंच नाही. वार ठरवायचा अध्यक्षाने.

आणि अध्यक्ष ठरवायचा प्रतिनिधींनी. एका बिल्डिंगचा एक प्रतिनिधी, आमच्या अख्ख्या कँपचाही एकच. मी तेव्हाच्या अध्यक्षांना, कुलकर्णीसाहेबांना विचारलं, "सगळ्यांनीच मत दिलं तर?"

"काका, मग भलताच माणूस निवडून येईल."

*

एका वर्षी आम्ही शांतारामला पाठवला. माझ्या शेजारच्या खाटेवरचा. बजावलं, जो शुक्रवार देईल त्यालाच मत. बैठकीआधी अध्यक्षपदाला उभ्या असलेल्या सावंतसाहेबांनी सगळ्या प्रतिनिधींना हॉटेलात नेलं.

परत आल्यावर विचारलं, "शुक्रवारचं काय?"

"सुरमई ताजी होती," म्हणाला, आणि तोंडावर चादर ओढली.

*

एका बिल्डिंगने देशपांड्यांना पाठवलं, कुलकर्णींना मत द्यायला. देशपांडे तिथे स्वतःच उभे राहिले. मत पडलं एक, त्यांचंच. बिल्डिंगवाले भडकले.

देशपांडे शांतपणे म्हणाले, "तुम्ही माझ्यावर विश्वास टाकलात. मीही टाकला."

*

पुढे कँपने मला पाठवलं. कुलकर्णी आणि सावंत, दोघांना सारखी मतं. माझं तेवढं राहिलं.

कुलकर्णींनी मला बाजूला घेतलं. "काका, शुक्रवार नक्की."

मग सावंतांनी घेतलं. "शुक्रवार तर शुक्रवार, इन्शाल्ला."

दोघेही आधी अध्यक्ष होऊन गेलेले. तेव्हाही असंच बोलले होते.

मी म्हटलं, "साहेब, मी शिकलेला नाही. मला विचार करायला वेळ लागतो."

बैठक पुढे ढकलली. पुढच्या बैठकीत विचारलं, "झाला विचार?"

"चालू आहे."

खुर्ची रिकामीच राहिली. नाटकाची तारीख कोणी ठरवेना. शेवटी तालमी घेणाऱ्या वहिनींनी कंटाळून सांगून टाकलं, शुक्रवारी दुपारी करू, मुलांना शाळा नसते.

त्याच नाटकासाठी त्या दिवशी आमची बस भरून निघाली. मागच्या रांगेत बसलो, पण पडदा उघडताना पाहिला.

परतताना दारातच कुलकर्णींनी गाठलं. "काका, रविवारी बैठक आहे. आता एकदा ठरवाच."

बसमध्ये शांतारामला सांगितलं.  तो म्हणाला, "काका, नीट विचार करा. घाई कसली?"