आत्याला येवल्याहून एकलहऱ्याला आणताना

नाशिकहून येवल्याला पैठणी घ्यायला निघालेल्या मंडळींनो, जरूर जा. पण आधी माझी चौऱ्याऐंशी सालची सहल वाचा. खरेदी शून्य, मनस्ताप भरपूर.

तेव्हा म्हातारपणी विसरणाऱ्यांना आजार नसायचा, म्हातारचळ असायचा. हल्ली आमच्या कॉलनीत गल्लीगणिक एक पेशंट निघतो आणि डॉक्टर म्हणतात, प्रमाण वाढलंय. वाढलं असेलही, माणसं जास्त जगतात. पण तेव्हा मोजायला कोण आलं होतं? आलं असतं तरी म्हातारीला आतल्या खोलीत बसवून घरच्यांनी "आमच्याकडे सगळे ठणठणीत" म्हणून सांगितलं असतं. त्यामुळे आमची आत्या कुठल्याच हिशेबात नाही.

ती येवल्यात एकटी राहायची. शेजारणीचा निरोप आला, की ही मेलेल्या नवऱ्यासाठी भाकरी झाकून ठेवते आणि घराचा रस्ता चुकते. माझा थोरला भाऊ, दादा, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला. क्वार्टर दोन खोल्यांचं, तरी तो म्हणाला, "तिला इथंच आणायचं." वहिनीने पातेलं जरा जोरात आपटलं, एवढंच. मी शिक्षिका, शाळेत रजा टाकली.

नाशिकरोडहून सकाळची एस.टी. पकडली. निफाडमार्गे जात असाल तर डावीकडे बसा, उजवीकडे ऊन थोबाडीत मारतं. तेव्हाचं तिकीट सांगितलं तर तुम्ही रडाल. निफाडला मिसळ खाल्ली. तर्री अशी की दादाचं समाजकारणावरचं भाषण जागच्या जागी बंद पडलं.

येवल्यात गल्लीभर हातमागांची खटखट. आत्या दारातच बसलेली.

"कोण पावनं म्हनायचं?"

"आत्या, मी तुझा भाचा."

"माजा भाचा एवढुसा हाय. तुमाला तर टक्कल हाय."

दादाने टकलावरून हात फिरवला. मी हसू दाबलं आणि म्हणाले, "चल, माहेरी जाऊ." ती लगेच उठली.

थेट गाडी भरून गेली होती, म्हणून मनमाडवरून चांदवडला आलो. तिथे गाडी बदलायची होती. स्टँडसमोरच्या हॉटेलात कांदाभजी जरूर खा, कांदा तिथल्याच मातीतला. आम्ही आत शिरलो, वळून पाहतो तर आत्या नाही. ती बाहेर पायरीखाली मातीत बसली होती, ओंजळ तोंडाशी धरून.

"मालक, वाईच पानी वाढा. वरूनच वाढा."

तिच्या लहानपणी आमच्या माणसांना हॉटेलात शिरू देत नसत. बाहेर बसवून ओंजळीत वरून पाणी ओतत, भांड्याला विटाळ नको म्हणून. पुढे धम्मदीक्षा घेतल्यावर हिने स्वतः देव्हारा विहिरीत सोडला होता आणि सार्वजनिक नळावर हंडा लावून भल्याभल्या बायकांना गप्प केलं होतं. तीच बाई आता मातीत बसली होती. संताप आला, पण रोगाला शिव्या देऊन काय होणार?

दादाने टेबलावरचा जग उचलून तिच्या हातात दिला. "धर आत्या, आपलाच आहे."

चटका बसल्यासारखा तिने तो खाली ठेवला. "मारतील रं."

गल्ल्यावरचा मालक वैतागला. "ओ मावशी, आत बसून प्या की! दारात नका बसू, गिऱ्हाईक येतंय."

इतका गोड उर्मटपणा मी आयुष्यात ऐकला नाही. आत्या मात्र हलली नाही. शेवटी दादाने तिच्या ओंजळीत पाणी ओतलं. भजी तशीच राहिली.

गाडीत तो म्हणाला, "नवऱ्याला विसरू दे, मला विसरू दे. पण हे घेऊन ती मरता कामा नये."

एकलहऱ्यात रोज सकाळी ती माठापाशी उभी राहायची. "शिवू का?" पातेलं आपटणारी वहिनीच सांगायची, "शिवा आत्या, तुमचंच घर आहे." दुपारपर्यंत सगळं पुसलेलं. आमच्याकडे क्रांती रोज चहाच्या आधी नव्याने करावी लागे आणि ती जेवणापर्यंतसुद्धा टिकत नसे.

रोग पुढे सरकत राहिला. नवरा गेला, येवला गेलं, आमची नावं गेली. एके दुपारी दादा पाळीवरून आला आणि पाणी घ्यायला माठात ओगराळं घालू लागला. आत्याने त्याच्या मनगटावर फाडकन चापट मारली.

"ए, कोन रं तू? न इचारता आमच्या माठाला हात लावतो?"

दादा हात जोडून म्हणाला, "चुकलं बाई. पाणी मिळेल का?"

"मिळंल की. बस असा आत येऊन." तिने तांब्या भरून त्याच्या हातात दिला.

दादा पाणी प्यायला आणि मग ढसाढसा रडला. त्यानंतर तिने त्याला कधीच ओळखलं नाही. त्याला ते चालत होतं.