काकूचं अर्धं वाक्य

माझी काकू पुरुषांचे केस कापते, दाढ्या करते. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग माझा चेहरा बघून हसू गिळतात, कारण मी लगेच अंगावर जाते. काकांच्या हाताला कंप सुटला तेव्हा दुकान विकायचं की नुसतं कुलूप लावायचं, एवढीच चर्चा घरात चालली होती. काकूने ती निमूट ऐकली आणि दुसऱ्या दिवसापासून घरातल्या एकेका पुरुषाला धरून खुर्चीत बसवायला सुरुवात केली. माझे वडील त्या काळात टोपी घातल्याशिवाय घराबाहेर पडत नसत. पण पुढे तिचा हात असा बसला की तुटलेली गिऱ्हाइकं परत आली, आणि काका गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसून टीव्ही बघायला मोकळे झाले.

टीव्ही आरशांच्या वर टांगलेला. त्यावर दिवसभर बातम्या. काकांची त्या खोक्यावर गाढ श्रद्धा. निवेदक ओरडला की यांचं रक्त तापतं, निवेदकाने कुणाला देशद्रोही ठरवलं की यांनी त्याला ओळखही दाखवायची नाही. काकूचं सगळं उलट. 'सूत्रांकडून कळतं' असं कानावर आलं की ती कात्री न थांबवता म्हणायची, "ही सूत्रं राहतात तरी कुठे? कधी दाढीला आली नाहीत." आणि मग खुर्चीतल्या माणसाला तिचा ठरलेला प्रश्न, "कुणी पाहिलं?" गळ्यावर वस्तरा असताना माणूस सत्ताधाऱ्यांचाही नसतो आणि विरोधकांचाही. निवडणुकीच्या दिवसांत आख्ख्या रस्त्यावर शांतता नांदायची ती फक्त त्या खुर्चीत.

ती दोन्ही बाजूंना सारखंच सोलायची, म्हणून दोन्ही बाजूंची माणसं तिच्याकडे यायची. वाद घालायची तिची रीत मात्र जगावेगळी होती. ती तिच्या धंद्यातूनच आली होती. केसाला कात्री लावण्याआधी ती गिऱ्हाइकाचं म्हणणं त्यालाच परत ऐकवते, "बाजूला बारीक, वर राहू द्यायचे, कान मोकळे. बरोबर?" तो हो म्हणाला की मगच कात्री. राजकारणातही तेच. समोरच्याचं म्हणणं आधी त्याच्याहून नीट मांडायचं, त्याच्याच आवाजात, त्याच्याच ठसक्यात, आणि तो खूश होऊन मान डोलवायला लागला की मग मुळावर घाव घालायचा. मला ही रीत फार आवडायची. मला स्वतःला समोरच्याचं निम्मंही ऐकून घेता येत नाही.

याच रीतीने तिचा घात केला.

दुकानासमोर चौकात पाण्याच्या व्हॉल्व्हचं झाकण आहे. रोज पहाटे पाणी सोडणारा माणूस यायचा, लांब चावीने व्हॉल्व्ह फिरवायचा आणि आमच्या भागाच्या नळांना पाणी यायचं. आम्ही त्याला पाणीवालाच म्हणतो. तो काकूच्याच इमारतीत, तळमजल्यावर बायकोमुलांसह राहतो. सत्ताधारी पक्षाने त्या वर्षी भरपूर पाण्याचं आश्वासन दिलं होतं, आणि नेमके मतदानाच्या तोंडावर नळ कोरडे पडले. बायका बादल्या घेऊन रस्त्यावर आल्या. संध्याकाळपर्यंत पक्षाने जाहीर केलं की हा घातपात आहे, विरोधकांनी पाणीवाल्याला फितवून व्हॉल्व्ह बंद करवला. बातम्यांच्या वाहिनीला तेवढंच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी चौकात येऊन उभी राहिली. झाकणाच्या समोरचं दुकान म्हणजे काकूचं. माईकवाली मुलगी आत आली, कॅमेरेवाल्याने खुर्चीतल्या फेसाळ माणसाला बाजूला व्हायला सांगितलं, आणि मुलीने विचारलं, "काकू, काय घडलं त्या दिवशी?"

मी तिथेच होते. काकू आपल्या सवयीने बोलली, अगदी ठसक्यात, "तो पहाटे आला, बरोबर विरोधी पक्षाचा माणूस होता, झाकण उघडलं, व्हॉल्व्ह आवळला आणि खिसा गरम करून दोघं निघून गेले. असं तुम्ही कालपासून सांगताय. बरोबर? आता मला सांगा, हे पाहिलं कुणी? समोर दुकान माझं. मी नाही पाहिलं."

संध्याकाळी काका स्टुलावरून ओरडले, "अगं, धाव, तू टीव्हीवर!" आम्ही सगळे धावलो. लाल चौकटीत काकूचा चेहरा, मागे ढोल बडवल्यासारखं संगीत, खाली 'प्रत्यक्षदर्शी महिलेचा खळबळजनक दावा'. काकू म्हणत होती, "तो पहाटे आला, बरोबर विरोधी पक्षाचा माणूस होता..." खिसा गरम करून दोघं निघून गेले, इथे कापलं. पुन्हा पहिल्यापासून. काकांच्या चेहऱ्यावरचं कौतुक हळूहळू उतरत गेलं. काकूने वस्तरा पुसून ठेवला आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

मी वाहिनीला फोन लावून तोंडाचा पट्टा सोडला. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, शब्द त्यांचेच आहेत ना?" त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. उपयोग शून्य झाला. पाणीवाला निलंबित झाला आणि त्याची खातेनिहाय चौकशी लागली.

चौकशीच्या आदल्या दिवशी पाणीवाल्याची बायको दुकानात आली. काका होते, मी होते, गिऱ्हाईक कुणी नव्हतं. ती म्हणाली, "काकू, जे झालं ते झालं. उद्या तुम्ही एवढंच सांगा, की त्या दिवशी पहाटे व्हॉल्व्ह उघडून तो थेट तुमच्याकडे चहाला आला होता. पुन्हा व्हॉल्व्हकडे फिरकलाच नाही."

"तो आला नव्हता गं."

"तुमचं वाक्य टीव्हीने अर्धं केलं, तुम्ही एक वाक्य जास्तीचं बोला. फिटंफाट."

काकासुद्धा म्हणाले, "बोलून टाक. ते एवढं खोटं बोलतात, आपलं एक कुठे जड होतंय?" खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं. माझे तर मनात चहाचे कपही मांडून झाले होते.

काकू म्हणाली, "मी जे पाहिलं नाही ते माझ्या तोंडी घालून त्यांनी तुझ्या नवऱ्याला बुडवलं. आता मीच न पाहिलेलं सांगायला लागले, तर माझ्यावर कुणी का विश्वास ठेवावा? मी येईन. पण जे आहे तेच बोलेन."

"तुमचा खरेपणा तुमच्यापाशी ठेवा," ती बाई म्हणाली. "आमच्या पोरांच्या ताटात तो वाढता येत नाही." आणि निघून गेली. काकू तिच्या मागे दारापर्यंत गेली, पण हाक काही मारली नाही.

चौकशी पाणीखात्याच्या कार्यालयात, फायलींनी भरलेल्या एका लांबट खोलीत होती. अधिकारी थकलेला दिसत होता. एका बाजूला साक्षीदार बसलेले: आमचा दूधवाला आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर. दोघांनीही पाणीवाल्याविरुद्ध लेखी दिलं होतं. पाणीवाला भिंतीला टेकून उभा, नजर फरशीवर.

काकू म्हणाली, "टीव्हीवर दिसली ती मीच. पण ते वाहिनीचं म्हणणं होतं, मी त्यांना परत ऐकवत होते. पुढे मी म्हणाले की मी हे पाहिलं नाही. ते कापलं."

"म्हणजे त्याने व्हॉल्व्ह बंद केला नाही, हे तुम्ही पाहिलंत?"

एक 'हो' पुरलं असतं. भिंतीजवळून पाणीवाल्याने मान वर केली.

"नाही," काकू म्हणाली. "त्या वेळी मी झोपले होते. केला तेही पाहिलं नाही, नाही केला तेही पाहिलं नाही."

अधिकारी वैतागला. "मग बाई, तुमच्या साक्षीचा उपयोग काय?"

"तुमच्या कागदांत माझ्या तोंडाने एक माणूस चोर ठरलाय. ते तोंड परत न्यायला आलेय."

अधिकारी बाकीच्यांकडे वळला. "असू दे. हे दोघं आहेत ना पाहिलेले. काय हो, तुम्ही कुठून पाहिलंत?"

दूधवाला चुळबुळला. हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. "साहेब, आम्ही टीव्हीवरच पाहिलं. एरवी त्या वाहिनीवर मी विश्वास ठेवत नाही. पण ही बाई बोलत होती. ही कधी न पाहिलेलं बोलत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. म्हणून डोळे झाकून सही केली."

दूधवाला म्हणाला, "माझंही तेच."

मी काकूकडे पाहिलं. आयुष्यभर जपलेली पत त्या वाहिनीने एका दिवसात उसनी नेली होती आणि तिच्यावर एका गरिबाला बुडवलं होतं. तिचा चेहरा राखेसारखा झाला. आणि मला कळलं की काल ती चहाचं खोटं बोलायला तयार झाली असती, तर आज तिच्या नकारालाही कुणी किंमत दिली नसती. माझी काकू माझ्याहून किती मोठी आहे, हे मला त्या फायलींच्या वासात कळलं. मला तिचा इतका अभिमान वाटला की रडूच आलं.

निकाल लगेच लागला नाही. दरम्यान मतदान झालं, जिंकायचे ते जिंकले. त्या दिवशी पाणी गेलं ते मुख्य पाइप कुठेतरी जमिनीखाली फुटल्यामुळे, ही बातमी धावत्या पट्टीत एकदा सरकून गेली म्हणे. मी पाहिली नाही, काकांनी पाहिली. बदली आलेला माणूस मनाला येईल तेव्हा पाणी सोडायचा. पाणीवाल्याची बायको जिन्यात भेटली की तोंड फिरवायची, आणि काकू भिंतीला चिकटून तिला वाट द्यायची.

मग एके दिवशी पहाटे, अगदी जुन्या वेळेला, मोरीतला नळ खुरखुरला आणि धो धो वाहू लागला. मी त्या दिवशी मुक्कामाला होते. खाली इमारतीतल्या बायका एकमेकींना हाका मारू लागल्या, "आला! आला गं तो!" काका उठून बसले. मी धावत मोरीत गेले तर काकू नळापाशी उकिडवी बसली होती. बादली भरून पाणी फरशीवर चाललं होतं आणि ती हमसून हमसून रडत होती. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"अगं, आता कशाला?" मी तिच्या पाठीवर हात ठेवला. "परत घेतलं त्याला. तुझ्यामुळे घेतलं."

"आणि घेतलं नसतं तर?" ती म्हणाली. "तर तिच्या पोरांना मी काय सांगितलं असतं गं?"

मी नळ बारीक केला आणि तिच्याजवळ ओल्या फरशीवर बसून राहिले.