वाळुंजावरचे तुडतुडे

धसईला माझी शेती चार गुंठे आणि अक्कल चार एकर. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालो आणि गावाचा किडेतज्ज्ञ बनलो. भातावर काहीही पडलं की माणसं माझ्याकडे. मला ते फार आवडायचं.

गेल्या वर्षी भातावर तुडतुडे पडले. आमच्या ओढ्याकाठी वाळुंजाची दोन झाडं. शेताजवळच्या झाडावरही तुडतुडे दिसले. शेतकरी म्हणाले, रोग इथूनच येतो, पाडा. वरच्या वाडीतली एक बाई त्याच झाडांच्या लवचीक काड्यांच्या टोपल्या विणून बाजारात विकायची. ती धावत आली. "सर, हे येगले हायेत. भातावर नाय बसत. मी रोज काड्या तोडते, मला म्हाइत नाय?"

"बाई, शास्त्राला ठरवू दे," मी म्हणालो. काय तो रुबाब!

बघायला गर्दी जमलेली, म्हणून बांधावरून जाता जाता किडे पकडायची जाळी आधी भातावर चारदा फिरवून दाखवली. मग तीच जाळी, न झटकता, वाळुंजावर. पहिल्या वर्षाच्या पोरानं असं केलं असतं तर त्याला प्रयोगशाळेबाहेर काढलं असतं. घरी भिंगाखाली पाहिलं: हिरवे, पंखाच्या टोकाला काळा ठिपका. भाताचेच! बाकीचे फिकट, बिनठिपक्याचे. ती पिल्लं असतील, म्हणून सोडून दिलं.

मी निकाल दिला. जेसीबीनं झाड मुळासकट उपटलं आणि मला शाल-श्रीफळ मिळालं. बाई लांब उभी होती. मी तिकडे बघायचं टाळलं.

यंदा झाड नाही, तरी भातावर तुडतुडे आहेतच. गेल्या वर्षी पकडलेले किडे ठेवलेली स्पिरिटची बाटली गुपचूप काढली. फिकट तुडतुड्यांना चांगले पूर्ण पंख! पिल्लांना पूर्ण पंख नसतात, हे मी जन्मभर फळ्यावर लिहीत आलो. वाळुंजाचे तुडतुडे ते फिकटच होते; ठिपकेवाले मीच भातातून जाळीत नेले होते. लाज वाटली, खूप वाटली.

संध्याकाळी वाडीवर जाऊन बाईला सगळं सांगितलं. शाल परत करतो, असंही म्हणालो.

"शाल ऱ्हाऊ द्या. आता पारावर चला नि सगल्यांसमोर बोला. उद्या ते दुसरं झाड पाडतायत."

सगळ्यांसमोर! "सकाळी बोलतो," मी म्हणालो.

जेसीबी सातला आला. मी आठला पोचलो.